जुनी लेन्स, नवी मिररलेस बॉडी: अडॅप्टर लावायचा क्रम आणि नेहमीच्या चुका

गेल्या लग्नसराईत नंदगडचा एक पोरगा माझ्याकडं आला. पिशवीतून नवी सोनी बॉडी, थोरल्या भावाची जुनी निकॉनची फिफ्टी (५० मिमीची लेन्स) आणि ऑनलाइन मागवलेला अडॅप्टर, म्हणजे जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसवायची मधली नळी, काढून टेबलावर मांडला. "दादा, अडॅप्टर खराब हाय वो. शटरच पडंना झालंय." मी मेनूत जाऊन एक सेटिंग चालू केलं. शटर पडलं, पण फोटो काळाकुट्ट. मग लेन्सची रिंग बघितली. २२ वर, म्हणजे सगळ्यात लहान छिद्रावर, ठेवून लॉक केलेली. लॉक सोडून रिंग फिरवली आणि फोटो उजळला. अडॅप्टर ठणठणीत होता. पोरगा तो परत पाठवायला कुरिअरच्या दुकानाकडंच निघाला होता.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच स्टुडिओवाल्यांनी डीएसएलआर (आत आरसा असलेली) देऊन मिररलेस (बिनआरशाची) घेतली. बॉडीत पैसे संपले, लेन्स जुन्याच राहिल्या. त्यामुळं अडॅप्टर आलाच. माझ्याकडं येणाऱ्या तक्रारी बघितल्या तर अडॅप्टर खरंच खराब असल्याचं क्वचित निघतं. बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो: आधी अडॅप्टर मागवायचा, मग लेन्स कुठली ते बघायचं, आणि मेनू उघडायचा तो थेट मांडवात. खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमानं करा.

१. आधी लेन्स उलटी करून बघा

अडॅप्टर शोधायच्या आधी लेन्सचं मागचं झाकण काढा आणि चार गोष्टी कागदावर लिहा: माउंट (लेन्स बॉडीवर बसते तो सांधा) कुठला, लेन्सवर ॲपर्चरची (उजेड आत सोडणारं छिद्र लहान-मोठं करायची) रिंग आहे का, मागं सोनेरी पिना आहेत का, आणि ऑटोफोकसची मोटर लेन्समध्ये आहे की बॉडीतून फिरवायची आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ निकॉनच्या लेन्सबाबत होतो, म्हणून तिथं जरा थांबूया. एफ माउंटवर बसणाऱ्या सगळ्या लेन्स बाहेरून सारख्याच बसतात, पण ऑटोफोकसवाल्यांत आतून मुख्य तीन वेगळ्या जाती आहेत. एएफ-डी लेन्सला ॲपर्चरची रिंग असते आणि माउंटच्या कडेला स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखी खाच दिसते. ती बॉडीतल्या मोटरनं फिरते. एएफ-एस जी लेन्समध्ये मोटर आतच असते, पण रिंग नसते. ॲपर्चर मागच्या एका छोट्या दांडीनं हलतं. नावात ई असलेल्या नव्या लेन्सचं ॲपर्चर पूर्ण विजेवर चालतं, दांडीसुद्धा नाही. पन्नासची डी आणि पन्नासची जी दोघींना आपण 'फिफ्टी'च म्हणतो, आणि तिथंच चुकीचा अडॅप्टर येतो.

कॅननचा हिशेब सोपा आहे. ईएफ लेन्सला रिंग नसतेच, ॲपर्चर विजेवर. त्याआधीच्या एफडी लेन्सला रिंग असते.

मागं नुसते आटे असतील, बाटलीच्या झाकणासारखे, तर ती बहुधा एम४२. जुन्या बाजारात मिळणाऱ्या रशियन हेलिओस ५८ मिमी लेन्स बऱ्याचशा याच माउंटच्या. काही एम४२ लेन्सच्या मागं एक बारीक पिन बाहेर आलेली असते. ती आहे की नाही ते लिहून ठेवा, पुढं लागेल.

सावधान: काही जुन्या वाइड लेन्सची मागची काच माउंटच्या पलीकडं, बॉडीत बरीच आत घुसते. पट्टी लावून ती किती बाहेर येते ते मोजा. बॉडीत शटर तिथंच असतं.

२. दोन आकडे, एक वजाबाकी

माउंटच्या कडेपासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीचं ठरलेलं असतं. निकॉन एफ ४६.५ मिमी, कॅनन ईएफ ४४, एम४२ आणि पेंटॅक्स के ४५.४६, कॅनन एफडी ४२. मिररलेसकडं बघा: सोनी ई १८, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०, फुजी एक्स १७.७, एल माउंट २०. लेन्सच्या आकड्यातून बॉडीचा आकडा वजा केला की अडॅप्टरची जाडी मिळते. निकॉनची जुनी लेन्स सोनीवर लावायची तर २८.५ मिमी. कॅनन ईएफ ते आरएफ २४.

यातूनच एका नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. आरएफ लेन्स जुन्या ईएफ बॉडीवर बसेल का? वजाबाकी उणे येते, म्हणजे अडॅप्टरला जागाच उरत नाही. तो विषय सोडा.

ही जाडी किती काटेकोर लागते ते बघा. अडॅप्टर ०.१ मिमी, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढा, जास्त जाड निघाला, तर ५० मिमी लेन्स इन्फिनिटीवर (सगळ्यात दूरच्या फोकसवर) ठेवली तरी साधारण २५ मीटरपलीकडं जाऊन फोकस होणार नाही. २४ मिमी लेन्स सहा मीटरच्या अलीकडंच अडकेल. २०० मिमीला मात्र हीच चूक ४०० मीटरवर दिसेल, म्हणजे लग्नात कळणारसुद्धा नाही. म्हणून अडॅप्टर तपासायचा असेल तर आपल्याकडची सगळ्यात वाइड लेन्स लावून तपासायचा.

अडॅप्टर बनवणारे बहुतेक जण तो मुद्दाम केसभर पातळ ठेवतात, म्हणजे लेन्स इन्फिनिटीच्या थोडी पुढं जाते. तो दोष नाही. फक्त लेन्सवरच्या अंतराच्या आकड्यांवर भरवसा ठेवायचा नाही.

३. आता अडॅप्टर निवडा

साधा अडॅप्टर: आत काच नाही, पिना नाहीत, नुसती धातूची नळी. ज्या लेन्सवर स्वतःची ॲपर्चर रिंग आहे त्यांनाच चालतो: निकॉन डी, एम४२, एफडी, जुन्या मिनोल्टा एमडी, ऑलिंपस ओएम.

रिंगवाला साधा अडॅप्टर: निकॉन जी लेन्ससाठी. अडॅप्टरवरचीच रिंग ती छोटी दांडी हलवते. या रिंगवर बहुधा ॲपर्चरचे आकडे नसतात, म्हणून एक युक्ती सांगतो. आयएसओ कायम ठेवा, ए मोडवर (ॲपर्चर आपण ठरवायचं, शटर बॉडी ठरवते) जा, एकसारख्या उजेडातल्या भिंतीवर नेम धरा. ॲपर्चर पूर्ण उघडं असताना शटर १/१००० दाखवत असेल आणि रिंग फिरवल्यावर १/२५० झालं, तर तुम्ही दोन स्टॉप बंद केलेत (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). १.८ ची लेन्स आता साधारण ३.५ वर आहे. त्या जागी रिंगवर पांढऱ्या पेनानं ठिपका द्या.

पिनांचा अडॅप्टर: कॅनन ईएफ आणि निकॉन ई लेन्सना दुसरा इलाज नाही. ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर कॅननच्या स्वतःच्या अडॅप्टरनं निवांत चालते. ईएफ ते सोनी असे अडॅप्टर सिग्मा, मेटाबोन्स, व्हिल्ट्रॉक्स बनवतात. यात कुठली लेन्स किती चांगली चालेल हे लेन्सगणिक बदलतं, म्हणून कंपनीच्या यादीत आपली लेन्स आणि आपली बॉडी दोन्ही आहेत का ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

निकॉन झेडवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं. एफ लेन्स झेड बॉडीवर लावायच्या निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही. एएफ-एस लेन्स ऑटोफोकस करतील, एएफ-डी करणार नाहीत. 'निकॉनचाच आहे, सगळं चालतं' असं काउंटरवर ऐकून ८०-२०० ची डी लेन्स ठेवून घेतलेले दोघं माझ्या ओळखीत आहेत. दोघंही आता हातानं फोकस करतात.

फोकल रिड्यूसर: आत काच असलेला, बहुधा ०.७१ पटीचा. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीसाठी आहे. लेन्स वाइड होते आणि एक स्टॉप उजेड वाढतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडीवर घेऊ नका, कोपरे काळे येतील. मागची काच बाहेर आलेली लेन्स यावर लावली तर काचेवर काच आपटेल.

सावधान: ईएफ लेन्स साध्या अडॅप्टरवर 'चालते' असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. बसते, एवढंच खरं. ॲपर्चर बदलता येत नाही.

४. पार्सल उघडल्यावर, लेन्स लावायच्या आधी

रिटर्नची मुदत चालू असतानाच हे करा. अडॅप्टर डोळ्यासमोर धरून ट्यूबलाइटकडं बघा. आतली भिंत चकाकत असेल तर फोटोत उजेडासमोर धुरकट पांढरेपणा येणार. परत पाठवा, किंवा आत काळा मखमली चिकटकागद लावा. मी दोन अडॅप्टरना लावलाय, फरक स्पष्ट दिसतो.

कडेवरून बोट फिरवा. धातूचं कुसळ लागलं तर तेच उद्या सेन्सरवर पडणार. ब्लोअर मारा, कोरड्या मऊ कापडानं पुसा. पिना असतील तर त्याही तशाच पुसा. काही जण पिना खोडरबरानं घासतात. त्याचा चुरा बॉडीत जातो, ते करू नका.

आतले बारीक स्क्रू घट्ट आहेत का बघा. बऱ्याच एम४२ अडॅप्टरमध्ये कडेला तीन बारीक स्क्रू असतात, त्यांचा उपयोग वेगळा: लेन्स आट्यांनी पूर्ण बसल्यावर आकडे खाली किंवा कडेला आले, तर हे स्क्रू किंचित सैल करून आतली रिंग फिरवायची आणि आकडे वर आणायचे. आणि मघाशी लिहून ठेवलेली ती पिन? ती दाबणारी कड आत असलेलाच अडॅप्टर घ्या, नाहीतर ॲपर्चर उघडंच राहील. लेन्सवर ऑटो-मॅन्युअलचा खटका असेल तर मॅन्युअलवर टाकलं की काम भागतं.

५. मेनू आधी, लेन्स नंतर

साध्या अडॅप्टरला बॉडी ओळखत नाही. तिच्या दृष्टीनं लेन्सच नाही, म्हणून ती शटर पाडत नाही. सोनी, कॅनन, फुजी, पॅनासॉनिक, सगळ्यांच्या मेनूत 'लेन्सशिवाय शटर' अशा अर्थाचं सेटिंग आहे. ते चालू करा. निकॉन झेडमध्ये बिगर-सीपीयू (चिप नसलेल्या) लेन्सची माहिती भरायची जागा आहे.

मग स्टेडी शॉट, म्हणजे बॉडीतलं स्टॅबिलायझेशन. ते मॅन्युअलवर टाकून लेन्सची लांबी हातानं भरा. इथं बरेच जण चुकतात: एपीएस-सी बॉडीवर ५० ची लेन्स ७५ सारखी दिसते म्हणून ७५ भरतात. लेन्सवर छापलेलाच आकडा भरायचा, ५०. फक्त फोकल रिड्यूसर असेल तर ०.७१ नं गुणून, म्हणजे ५० ला साधारण ३५. लेन्स बदलली की आकडा बदला. ५० साठी भरलेल्या आकड्यावर १३५ लावली तर हात स्थिर असूनही फोटो हललेला येतो आणि शिव्या लेन्सला बसतात.

तिसरं, फोकस मोठं करून बघायचं बटण अंगठ्याजवळच्या कस्टम बटणावर घ्या. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) चालू करा, रंग लाल ठेवा. पिवळा नको, आपल्याकडच्या हळदीत पिवळं काय आणि कुठं हेच कळत नाही.

चौथं, स्टुडिओत फ्लॅश वापरत असाल तर स्क्रीनवर एक्स्पोजरचा परिणाम दाखवणारं सेटिंग बंद करा, नाहीतर एफ ८ वर स्क्रीन काळी पडेल आणि फोकसच दिसणार नाही.

तपासा: बॉडीवर लेन्स नसताना, टोपी लावून, बटण दाबा. शटर पडलं तरच पुढं जा.

६. चढवायचा क्रम

साध्या अडॅप्टरसाठी मी आधी लेन्स अडॅप्टरवर चढवतो, मग दोन्ही मिळून बॉडीवर. कारण सरळ आहे. बॉडी उघडी राहते ती शेवटची काही सेकंदं, आणि लेन्स हातात असतानाच मागून डोळा लावून ॲपर्चर उघडझाप होतंय का ते बघता येतं.

बॉडी बंद करा. लेन्सवरची खूण अडॅप्टरवरच्या खुणेला जुळवा. एका अडॅप्टरवर दोन खुणा असतात, एक लेन्ससाठी, एक बॉडीसाठी, त्या उलट धरू नका. समोरून बघताना निकॉनची लेन्स घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरवून बसते, कॅननची घड्याळाच्या दिशेनं. खटका ऐकू आला पाहिजे. जोर लागतोय असं वाटलं की थांबा, मागं घ्या, खूण पुन्हा बघा.

आता ॲपर्चरचा लॉक. हीच नंदगडच्या पोराची चूक, आणि खरं सांगायचं तर एका शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत माझीही. डीएसएलआरवर डी लेन्स वापरताना आपण रिंग शेवटच्या केशरी आकड्यावर लॉक करून ठेवतो, वर्षानुवर्षं, आणि ती तशीच असते हे विसरून जातो. त्या रात्री मी एफ २२ वर आयएसओ चढवत बसलो होतो. घरी बघितलं तर दाणेच दाणे, आणि सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण ठिपका होऊन उमटलेला.

म्हणून लक्षात ठेवा: साधा अडॅप्टर असेल तर डी लेन्सचा लॉक सोडायचा आणि रिंग हातानं फिरवायची. एफटीझेडवर तीच डी लेन्स असेल तर उलट: रिंग सगळ्यात लहान ॲपर्चरवर लॉक, आणि ॲपर्चर बॉडीवरून.

एफडीसाठी एक जादा पायरी. अडॅप्टरची रिंग 'ओपन'वर ठेवून लेन्स बसवा, बसल्यावर 'लॉक'वर फिरवा. ही दुसरी पायरी राहिली तर लेन्सची रिंग फिरते, पण ॲपर्चर हलत नाही.

शेवटी बॉडी तोंड खाली करून धरा, टोपी काढा, अडॅप्टर-लेन्स खालून वर बसवा. खटका. थोडं हलवून बघा. केसभर फिरणं चालतं. पुढं-मागं डुगडुगलं तर नाही.

सावधान: ७०-२०० सारखी जड लेन्स असेल तर ट्रायपॉड लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीच्या पट्ट्याला) लावा, बॉडीला नाही. गळ्यात अडकवतानाही हात लेन्सखाली. सगळा भार नाहीतर अडॅप्टरच्या चार बारीक स्क्रूंवर येतो.

७. गच्चीवरची परीक्षा

पहिल्या ऑर्डरच्या आधी किमान एक संध्याकाळ द्या. वडगाव-अनगोळच्या बाजूला राहत असाल आणि गच्चीवरून येळ्ळूरचा राजहंसगड दिसत असेल तर त्यापेक्षा चांगलं निशाण नाही. नसेल तर दूरच्या मोबाइल टॉवरवरचा लाल दिवा धरा. ॲपर्चर पूर्ण उघडं, फोकस मोठं करून, रिंग हळूहळू इन्फिनिटीकडं. दिवा बारीक टिंब होऊन पुन्हा पसरायला लागला, तर उत्तम, इन्फिनिटी मिळतेय. टोकाला पोचूनही पसरलेलाच राहिला, तर अडॅप्टर जाड आहे. परत पाठवा. पातळ अडॅप्टरला पत्र्याची बारीक चकती घालून जुळवता येतं. जाड अडॅप्टर घासत बसू नका.

सकाळी दुसरी परीक्षा. जांभ्या दगडाच्या सपाट कंपाउंड भिंतीसमोर बॉडी अगदी सरळ लावा, ट्रायपॉडवर. ॲपर्चर उघडं, मधे फोकस, एक फोटो. कॉम्प्युटरवर डावी-उजवी कड शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडं सारखंच मऊ असेल तर तो लेन्सचा स्वभाव. एकीकडं जांभ्याची भोकं मोजता येतात आणि दुसरीकडं नुसता चिखल दिसतो, तर लेन्स वाकडी बसतेय. दुसरी एखादी लेन्स त्याच अडॅप्टरवर लावा. तीच कड बिघडली तर दोष अडॅप्टरचा.

एपीएस-सीसाठी बनवलेली लेन्स फुल फ्रेमवर लावली असेल तर कोपरे काळे येणारच. बॉडी क्रॉप मोडवर (सेन्सरचा मधला भागच वापरणारा मोड) टाका, पण मग २४ मेगापिक्सेलमधले दहा-साडेदहाच हातात राहतात. अल्बमच्या पूर्ण पानाला चालेल, फ्लेक्सवाल्याला आधी सांगा.

८. कामावर असताना

ए किंवा एम मोड. फोकस नेहमी ॲपर्चर उघडून, मग हव्या आकड्यावर बंद करून फोटो. एफ ८ वर पीकिंगची लाल रेघ सगळीकडंच चमकते आणि आपण फसतो. काही जुन्या लेन्समध्ये ॲपर्चर बंद करताना फोकस किंचित सरकतो. अशा लेन्सला ज्या आकड्यावर फोटो काढायचा त्याच आकड्यावर, मोठं करून, फोकस करा.

ऑटो आयएसओ लावलात तर किमान शटर हातानं ठरवा, माणसांसाठी १/१२५ च्या खाली नको. बॉडीला लेन्सची लांबी माहीत नसेल तर तिचा अंदाज चुकतो.

फोटोच्या माहितीत ॲपर्चरच्या जागी नुसत्या रेघा दिसतील. घाबरू नका, साध्या अडॅप्टरवर तसंच असतं.

पिनांच्या अडॅप्टरवर ऑटोफोकस चालला तरी व्हिडिओत आणि भरभर शॉट घेताना त्याला घरीच पळवून बघा. फर्मवेअर अपडेट करायचं असेल तर ऑर्डर संपल्यावर; आदल्या रात्री अपडेट करून पहाटे चिकोडीला निघू नका.

माझं मत विचाराल तर अक्षतांच्या वेळी हातानं फोकस करायची लेन्स बॉडीवर नसावी. तांदूळ उडायला आणि आई डोळे पुसायला एकच क्षण मिळतो. त्या वेळी बॉडीची स्वतःची लेन्स, मग ती किटमधली असली तरी. जुनी फिफ्टी मेंदी, दागिने, नवरीचा एकटीचा फोटो यांना राखून ठेवा.

९. काढताना, आणि पावसाळ्यात

आता दोन बटणं आहेत: एक बॉडीवर, एक अडॅप्टरवर. घाईत चुकीचं दाबलं जातं आणि लेन्स हातात, अडॅप्टर बॉडीवर असं होतं. जड लेन्स असेल तर ती थेट खालीच. म्हणून डावा हात लेन्सखाली, उजव्या बोटानं बॉडीचं बटण, आणि दोन्ही मिळून काढा. अडॅप्टर लेन्सवरच राहू द्या. निकॉनची लेन्स सोनीवर असेल तर इथं एक सोय आहे: बॉडीवरून काढायची दिशा हीच लेन्स अडॅप्टरवर घट्ट करायची दिशा असते, त्यामुळं ती आपोआप सुटत नाही.

तीन लेन्स असतील आणि परवडत असेल तर तीन साधे अडॅप्टर घ्या, प्रत्येक लेन्सवर एक कायमचा. अडॅप्टरच्या मागं बॉडीच्या माउंटचं झाकण लावा, जुनं निकॉनचं झाकण तिथं बसणार नाही.

खानापूर, जांबोटीकडच्या पावसात लेन्सला बुरशी धरते आणि लेन्स-अडॅप्टरच्या फटीत ओल साचते. जून ते सप्टेंबर महिन्यातून दोनदा जोडी सुटी करून पुसा, सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. आणि चोर्ल्याच्या धुक्यात गाडीच्या एसीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका. बॅगेची चेन बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. बाहेर दव धरलंच तर ते पुसून मोकळं होता येतं, अडॅप्टरच्या आत लेन्सच्या मागच्या काचेवर धरलं तर तिथं उघड्यावर बॉडी खोलावी लागते.